भिकाआप्पांची भवरी

पारूमावशींचा फोन आला तेव्हा मी नातवाच्या वह्यांना खाकी कागदाची कव्हरं घालत बसले होते. सगळी नोकरी शाळेत गेली, त्यामुळे हे काम घरात आपोआप माझ्याकडे येतं. फोनवर आधी नुसता श्वास ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "बाई, आप्पा गयात." त्यांच्या घरात अहिराणी बोलतात, आणि अहिराणीत माणूस बाजाराला गेला तरी 'गयात'च म्हणतात. मी विचारणार होते, कुठे गेले म्हणून... तेवढ्यात मागून बायकांचे आवाज ऐकू आले आणि काय ते कळलं. सुरतेतल्या आमच्या पर्वत पाटियाहून त्यांचं पांडेसरा तसं लांब नाही, पण कापडबाजाराच्या गर्दीत रिक्षा अडकली. मी आमच्या जुन्या चाळीत पोहोचले तेव्हा मावशींच्या यजमानांना, भिकाआप्पांना, नेलं होतं. ओटा धुऊन झाला होता, पाणी अजून वाळायचं होतं. सकाळी चहा घेतला, जरा पडतो म्हणाले, भिंतीकडे तोंड केलं आणि उठलेच नाहीत. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, कुणाला तसदी न देता गेला, असं जो तो म्हणत होता. खरंच होतं ते. पण मला तरी त्यांनी थोडी तसदी द्यायला हवी होती, असं रिक्षातून परत येताना वाटत राहिलं.

याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत कुणी आप्पांबद्दल विचारलं की मी बोलायला लागते, आणि थोड्याच वेळात लक्षात येतं की मी एका कुत्रीबद्दल बोलते आहे. माझ्या लेकीला त्याचं हसू येतं. पण आप्पांबद्दल सांगायचं तर भवरीला वगळून सांगता येत नाही, आणि भवरीला सांगायचं तर माझ्या हातून झालेली एक गोष्टही सांगावी लागते.

मी वाशीम जिल्ह्यातली. लग्न होऊन सुरतेत आले, कारण हे लूमच्या कारखान्यात मेस्त्री होते. पांडेसऱ्यात आमची चाळ म्हणजे समोरासमोर दहा-दहा खोल्या आणि मध्ये अंगण. मला मराठी शाळेत नोकरी लागली, मीनल झाली, आणि आमच्या बरोबर समोरच्या खोलीत भिकाआप्पा राहत होते. ते डाइंग मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशीनवर होते. त्यांच्या नखांच्या कडांना कायम कुठला ना कुठला रंग असायचा, आणि आज मिलमध्ये कोणत्या रंगाचा लॉट चालू आहे ते आम्हाला त्यांच्या हातांवरून कळायचं. माणूस उंच, सडपातळ, बोलणं अगदी कमी. साक्री तालुक्यातल्या ठेलारी घरातले. ठेलारी म्हणजे मेंढ्या घेऊन वर्षातले सात-आठ महिने फिरतीवर असणारे लोक. वडिलांच्या मेंढ्या एका पावसाळ्यात रोगाने बसल्या त्या उठल्याच नाहीत. उरल्या तेवढ्या धाकट्या भावाच्या, दगडूच्या, स्वाधीन करून आप्पा सुरतेला आले. आले ते एका वर्षासाठी. पारूमावशी सांगायच्या, "एक वरीस करीसन जासूत म्हने, आनि पोरगी शाळाले लागनी." मुलगी शाळेत जायला लागली आणि परतीचं राहून गेलं, एवढीच ती हकीकत. या शहरात आमच्यासारख्या कितीकांची हीच आहे.

भवरी आली ती नव्वदनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कधीतरी. मिलच्या शेठच्या बंगल्यावर रंगाचे नमुने पोहोचवायचे होते म्हणून आप्पांना पाठवलं होतं. मागच्या अंगणात एक लांब केसांची, तपकिरी-पांढरी, मांजरापेक्षा थोडीच मोठी वाटणारी कुत्री साखळीला बांधलेली. शेठच्या सुनेने मुंबईहून हौसेने आणलेली परदेशी जात. नाव डॉली. पण ती पाहुण्यांच्या पोरांच्या टाचांना तोंड लावायची, त्यांच्याभोवती गरागरा फिरून भुंकायची. घरच्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. शेठ म्हणाले, "ए तो बधाने करडे छे, भीकाभाई. काले डॉक्टर आवशे." सगळ्यांना चावते, उद्या डॉक्टर येऊन सुई देऊन तिला कायमची निजवेल. आप्पा तिच्यासमोर उकिडवे बसले. मग उठून साखळी सोडली आणि तिच्यापासून दूर चालत गेले. ती धावत आली, त्यांना वळसा घालून पुढे गेली, समोर पोट टेकून बसली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "शेठ, ती चावस नही," आप्पा म्हणाले, "ती वळस." चावत नाही, कळप वळवते, असं त्यांना म्हणायचं होतं, पण शेठना त्यातलं काही समजलं नाही. घेऊन जा, पण पुन्हा आणू नकोस, एवढं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं.

अशा रीतीने ती आमच्या चाळीत आली. चाळीत वीस घरांतली मिळून तीसेक पोरं, आणि मला लहानपणापासून कुत्र्याची भीती. आठवीत असताना कुत्रा चावला होता, पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती. आप्पांनी तिचं नाव भवरी ठेवलं, सारखी भोवऱ्यासारखी फिरते म्हणून. पोरं खूश झाली. मी नाही झाले. पहिल्याच आठवड्यात तिने मीनलच्या टाचेला तोंड लावलं. दात लागला नव्हता, साधा ओरखडाही नव्हता, पण मीनल रडली आणि माझा संयम सुटला. मी आप्पांशी बोलायला गेले नाही. समोरच्या दारात जाऊन चार शब्द बोलायचे सोडून मी घरमालकाच्या नावाने अर्ज लिहिला. चावऱ्या जनावरापासून मुलांच्या जिवाला धोका आहे, तरी सदर कुत्री चाळीतून हलवण्यात यावी. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. चौदा घरांच्या सह्या घेतल्या. माझी सही मात्र केली नाही... समोर राहतो, उगाच कटुता नको, असं स्वतःला समजावलं.

घरमालकाने तो कागद जसाच्या तसा आप्पांकडे पाठवला, खाली आठ दिवसांची मुदत लिहून. आप्पांना गुजराती पाट्या वाचता यायच्या, मराठी लिहिलेलं फार थोडं. संध्याकाळी ते माझ्या दारात आले. चपला बाहेर काढल्या, कागद दोन्ही हातांनी पुढे केला. "बाई, एवढं वाचीसन सांगा."

मी वाचलं. काय करणार होते? माझाच अर्ज, माझ्याच आवाजात, ज्या माणसाविरुद्ध लिहिला त्यालाच वाचून दाखवला. 'चावऱ्या जनावरापासून' इथे माझी जीभ अडखळली. आप्पा खाली मान घालून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी कागदाची चौकोनी घडी केली. "अक्षर चांगलं शे," ते म्हणाले, आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून भवरी त्यांच्या दाराच्या कडीला बांधलेली दिसू लागली.

मुदतीचा सहावा दिवस असेल. माझी सकाळची शाळा. चाळीतली अकरा मुलं माझ्याबरोबरच शाळेला निघायची, मोठ्यांनी लहानांचे हात धरायचे, असा आमचा शिरस्ता. आम्ही अंगणाच्या फाटकापाशी आलो आणि मागून दोरी तुटल्याचा आवाज आला. भवरी सुसाट आली आणि फाटकात आडवी उभी राहून भुंकायला लागली. मी छत्री उगारली. ती मागे सरली, पण वाट देईना. पोरांच्या मागे जाऊन त्यांना एकत्र लोटायची, मग पळत अंगणाच्या टोकाला जायची, तिथे उभ्या असलेल्या टेम्पोपाशी भुंकायची, पुन्हा आमच्यापुढे यायची. मी आप्पांच्या नावाने ओरडले. ते दात घासता घासता बाहेर आले, क्षणभर बघत राहिले, आणि तोंडातली चूळ टाकून एवढंच म्हणाले, "बाई, पोरं मोजा."

दहा होती. मी पुन्हा मोजली. दहाच. टेम्पोचा ड्रायव्हर चावी फिरवत होता. आप्पा धावले, टेम्पोच्या मागची ताडपत्री वर केली. कापडाच्या ताक्यांमागे माझी मीनल लपून बसली होती, तोंडावर हात दाबून हसू आवरत. खेळ चालला होता तिचा. तो टेम्पो तिथून दूर सचिन गावच्या कारखान्यांकडे जाणार होता, आणि शाळेत हजेरी घेईपर्यंत मला पत्ता लागला नसता, कारण ती शेजारच्या कमलचा हात धरून चालली आहे असंच मी समजून होते.

आप्पांनी मीनलला माझ्या हातात दिलं. मी तिला मारलं, जवळ घेतलं, पुन्हा मारलं. भवरी आता गप्प होती. ती जीभ बाहेर काढून अंगणाच्या मधोमध बसली होती, जणू काही झालंच नव्हतं. "तिला मोजता येतं का हो?" मी विचारलं. आप्पा म्हणाले, "मोजता कथाईन येई? पन कळपात भगदाड पडनं का तिले चैन पडत नही." कळपात जागा रिकामी झाली की तिला करमत नाही. त्याच दिवशी दुपारी मी घरमालकाला, भवरीला राहू द्यावं असा, दुसरा अर्ज लिहिला आणि त्यावर पहिली सही माझी केली.

मग मलाच तिच्याबद्दल कुतूहल वाटायला लागलं. शेठच्या सुनेकडून जातीचं नाव कळलं होतं, शेटलँड शीपडॉग. शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात कुत्र्यांच्या जातींवरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ सापडला. तो घरी नेऊ देत नव्हते, म्हणून मी वहीत टिपणं काढली आणि रविवारी ओट्यावर बसून आप्पांना सांगितली. स्कॉटलंडच्याही वर, थंडगार समुद्रात काही बेटं आहेत. झाड म्हणून नाही, नुसतं गवत आणि वारा. चारा कमी, म्हणून तिथे सगळंच लहान. घोडी लहान, मेंढ्या लहान, आणि मेंढ्या राखणारी कुत्रीही लहान. कुंपणं नव्हती, तेव्हा घराभोवतीच्या भाजीपाल्यात मेंढ्या शिरू लागल्या की ही कुत्री भुंकून त्यांना बाहेर काढायची. म्हणून आवाज मोठा. वारा असायचा म्हणून अंगावर दोन थर केस, वरचे लांब आणि आत मऊ लोकर. धन्याचा शब्द झेलायची, परक्यापासून चार हात लांब राहायची. रागावलेलं तिला सोसायचं नाही. आणि काम नसलं की सैरभैर व्हायची, जे हलेल त्याला वळायला बघायची... माणसांची पोरंसुद्धा.

आप्पा हरखून ऐकत होते. एरवी दोन वाक्यांवर न जाणारा माणूस त्या दिवशी बोलत सुटला. आमच्याकडची कुत्री राखणीची, म्हणाले. लांडगा आला तर अंगावर घेतील, पण मेंढ्या वळवायचं काम माणसाच्या हाळीचं आणि शिळेचं. फक्त त्यांच्या वडिलांजवळ एक बुटकी कुत्री होती, कुणी शिकवलं नव्हतं, आपणहून कळपाला वळसा घालायची. वडिलांनी तिच्यानंतर तशी दुसरी पाहिली नाही. त्यांनी बोट भवरीकडे केलं. मग विचारलं, "बाई, त्या बेटावरला लोक बी चरनीले जातस का?" मी म्हटलं, तेही मेंढ्या घेऊन फिरतीवर जातात का, ते पुस्तकात नव्हतं. "जात व्हतीन," आप्पा स्वतःशीच म्हणाले.

त्यानंतरची दोनेक वर्षं ही त्या चाळीतली माझी सर्वांत सुखाची वर्षं. आप्पांची पहिली पाळी सुटली की ते अंगणात यायचे आणि दोन प्रकारची शीळ घालायचे. एक आखूड, तुटक, म्हणजे आहे तिथे बस. दुसरी लांब, शेवटी वर चढत जाणारी, म्हणजे पलीकडून वळसा घालून आण. मेंढ्या म्हणजे आमची पोरं. ती चार दिशांना पळायची आणि भवरी त्यांना गोळा करून आप्पांच्या पायाशी आणायची. उन्हाळ्यात तिचे फार हाल व्हायचे. ते लांब केस आणि सुरतेचा घामट उन्हाळा! आप्पा तिला नळाखाली ओल्या गोणपाटावर निजवायचे, कंगव्याने आतली लोकर मोकळी करायचे, आणि धापा टाकणाऱ्या तिच्या बरगड्यांवर हात ठेवून बसून राहायचे. "आठली नही ती," म्हणायचे. ही इथली नाही.

मग चौऱ्याण्णव सालचे प्लेगचे दिवस आले. त्या दिवसांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, मी पुन्हा लिहीत नाही. दोन दिवसांत चाळ निम्मी रिकामी झाली. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि वाशीम लांब. आप्पांच्या ओळखीच्या एकाचा ट्रक साक्रीकडे जात होता. आप्पा आमच्या दारात येऊन म्हणाले, "बाई, पोरगीले लीसन चला. आम्हनं गाव ते तुमनं गाव." मी, हे आणि मीनल, शिवाय आप्पा, पारूमावशी, त्यांची मुलगी सुमन आणि भवरी, असे ट्रकच्या मागे बसून निघालो. सोनगड, नवापूर मागे पडलं. गावाच्या वेशीवरच चारपाच जाणती माणसं उभी होती. सुरतेहून आलेल्यांना गावात घेता येणार नाही, म्हणाली. त्यांचंही चूक नव्हतं, भीतीच तशी होती. आप्पांनी वाद घातला नाही. दगडूभाऊंच्या मेंढ्या गावापासून दीड कोसावर माळावर बसलेल्या होत्या. आम्ही तिकडे गेलो आणि पंधरा दिवस तिथेच राहिलो.

त्या माळावर भवरीने आयुष्यात पहिल्यांदा मेंढी पाहिली. दुपार कलली होती, तीनशेएक मेंढ्या उतारावर चरत होत्या. ती ट्रकमधल्या प्रवासाने मरगळली होती. वास आला तशी ताठ झाली. एक पाय उचललेला तसाच अधांतरी. तिच्या आईने, आजीने कधी मेंढी पाहिली असेल का, देव जाणे. बंगल्यांतून, फ्लॅटांतून वाढलेली ती जात. आप्पांनी तिची दोरी सोडली आणि ती लांब शीळ घातली. भवरी जमिनीला लागून निघाली. मेंढ्यांच्या अंगावर नाही, चांगली दूरवरून, उताराच्या कडेकडेने, मोठा थोरला वळसा घालत. मेंढ्या बिथरल्या, एक टोळकं फुटलं. दगडूभाऊ ओरडले, "दादा, बोलाव तिले, पांगाडी टाकी!" आप्पांनी आखूड शीळ दिली. ती बसली. पुन्हा लांब. ती उठली, फुटलेल्या टोळक्याला पलीकडून गाठलं, भुंकून भुंकून कळपात आणून घातलं, आणि सबंध कळप हळूहळू, एखादी गोधडी ओढत आणावी तसा आप्पांकडे आणला.

मी आप्पांकडे बघत होते. दहा वर्षं समोरासमोर राहून मी त्या माणसाला पाहिलंच नव्हतं. मिलमध्ये वाकलेली पाठ सरळ झाली होती. मेंढ्या त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेल्या, त्यांचे हात मेंढ्यांच्या पाठींवरून फिरत राहिले आणि ते रडत होते. दगडूभाऊंनी तोंड फिरवून विडी पेटवली.

तिथेच, एका सकाळी पारूमावशी चुलीशी असताना, मी आप्पांना सांगून टाकलं की तो पहिला अर्ज माझा होता. ते काठी तासत होते. वर न बघता म्हणाले, "माले तवाच समजनं. शाळाना फळावर रोज तेच अक्षर दिसस." मला जमीन दुभंगावी असं झालं. म्हटलं, मग माझ्याकडेच कशाला आणलात वाचायला? "चाळमा दुसरं कोन वाचनार व्हतं?" ते म्हणाले, आणि हसले. तो विषय तिथे संपला. त्यांच्या बाजूने बहुधा त्या संध्याकाळीच संपला होता.

सुरतेत परिस्थिती निवळल्याचा निरोप आला, मिल सुरू झाली. निघायच्या आदल्या दिवशी दगडूभाऊ म्हणाले, "दादा, ऱ्हाई जा. तू आनि ती, दोन्ही." सगळ्यांनी पारूमावशींकडे पाहिलं. त्या तव्यावर भाकरी टाकत होत्या. सुमन नववीत होती. "पोरगीनी शाळा शे," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, भाकरी उलटली. आप्पांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाले, "मग तिले तरी ऱ्हाऊ दे." म्हणजे भवरीला.

सकाळी ट्रक माळाखालच्या रस्त्याला आला. आम्ही चढलो. भवरीला वाटलं, नेहमीसारखंच, आपल्यालाही चढायचंय. दगडूभाऊंनी तिला धरलं होतं, पण ट्रक हलला तशी ती हिसका देऊन सुटली. ती ट्रकच्या मागे धावली नाही. ती बाजूने धावून ट्रकच्या पुढे गेली आणि त्याला वळवायला लागली. चाकांपुढून या बाजूला, त्या बाजूला, भुंकत. एवढंसं जनावर, आणि तो ट्रक. ड्रायव्हरने ब्रेक मारला. ती फळीकडे आली, वर आप्पांकडे बघितलं, मग माळाकडे धावली, तिथे मेंढ्या पांगायला लागल्या होत्या. पुन्हा ट्रककडे. मध्यावर येऊन थांबली. इकडे तिची माणसं निघाली होती, तिकडे कळप फुटत होता, आणि तिला दोन्ही एकत्र आणायचं होतं. मीनल हमसून रडत होती. पारूमावशींनी पदर तोंडात धरला होता.

आप्पा फळी धरून उभे राहिले आणि त्यांनी ती लांब शीळ घातली. पलीकडून वळसा घालून आण. भवरीचे कान उभे राहिले. सांगितलेलं ऐकायचं, एवढंच तिच्या रक्तात होतं. ती वळली आणि कळपाच्या दिशेने, त्या मोठ्या वळशाने, धावत निघाली. कळप गोळा करून ती आणणार होती, आप्पांच्या पायाशी. ड्रायव्हरने गाडी सोडली. ती टेकाडाआड गेली तोवर आम्ही वळणावर आलो होतो. आप्पा खाली बसले, त्यांनी गुडघ्यांत डोकं घातलं, आणि नवापूर येईपर्यंत वर काढलं नाही.

चाळीतल्या पोरांनी बरेच दिवस विचारलं. आप्पांनी पुन्हा कधी शीळ घातली नाही, पोरांनी हट्ट केला तरी नाही. म्हणायचे, ओठ सुकतात. पण दगडूभाऊ दर हिवाळ्यात मेंढ्या घेऊन खाली यायचे, सुरतेजवळ चलथाणच्या बाजूला, ऊस तुटून गेलेल्या शेतांत मेंढ्या बसवायला. निरोप आला की आप्पा मिलमध्ये रजा टाकायचे. पहिल्या वर्षी मीही गेले होते. भवरी उन्हाने विटली होती, केसांत गोखरू अडकलेले, एक कान फाटलेला. अंगाने भरली होती. ती आप्पांकडे झेपावली नाही. लांबून थांबून बघितलं, मग वळसा घालून त्यांच्या मागे आली, नाकाने पोटरीला ढोसलं, आणि ढोसत ढोसत त्यांना कळपात नेऊन सोडलं. नंतर कितीतरी वेळ ती त्यांच्यावरची नजर काढेना. आप्पा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मेंढ्यांमागे चालले. परतीच्या बसमध्ये म्हणाले, "वळखी ऱ्हायनी माले." मला ओळखते अजून. आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

असे चार-पाच हिवाळे गेले. एका वर्षी ते गेले आणि लवकर परतले. दगडूभाऊंनी सांगितलं होतं की पावसाळ्यात ती थकली, शेवटपर्यंत कळपासोबत चालली, एका दुपारी बाभळीखाली बसली ती उठली नाही. आप्पांनी हे मला दारात उभं राहून, शाळेतल्या मुलाने पाठ म्हणावा तसं, सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाळीवर गेले. त्या आठवड्यात त्यांच्या मिलमध्ये हिरव्याचा लॉट चालू होता, मला अजून आठवतं.

पुढे सुमनचं लग्न झालं, ती शिकून नर्स झाली होती. आप्पा निवृत्त झाले, आम्ही पर्वत पाटियाला घर घेतलं. दगडूभाऊ गेले, त्यांचा मुलगा मेंढ्या सांभाळू लागला. आप्पा मात्र दर हिवाळ्यात चलथाणला जात राहिले, गुडघे दुखायला लागले तरीही. पुतण्याला फोन करून मुक्काम कुठे आहे ते विचारायचे आणि एकटेच निघायचे. पारूमावशी त्यांच्याबरोबर कधी गेल्या नाहीत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, घरी काम असतं.

मागच्या आठवड्यात पारूमावशींचा पुन्हा फोन आला. पुतण्याच्या मेंढ्या उतरल्या होत्या. "बाई, माले लई चला तठे."

सकाळच्या उन्हात आम्ही रिक्षातून उतरलो. तोडलेल्या उसाचं रान, पाचटाचा वास, आणि त्यावर पसरलेल्या मेंढ्या. पुतण्या धावत आला, काकूंच्या पाया पडला, बसायला घोंगडं टाकलं. पारूमावशी बसल्या नाहीत. बराच वेळ मेंढ्यांकडे बघत उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी त्यास्ले ऱ्हाऊ दिधं नही, बाई." मी म्हटलं, मावशी, सुमन शिकली ना. "शिकनी," त्या म्हणाल्या. "ते बी खरं शे."

मेंढ्या पुढच्या रानाकडे सरकायला लागल्या. पारूमावशींनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली, पदर खोचला. पुतण्या म्हणाला, काकू, पाचट टोचेल, पाय घसरेल, बसा. "मी येसू जरासं चालीसन," त्या म्हणाल्या आणि निघाल्या. सत्तरीची बाई, आधी जपून, मग मेंढ्यांच्या चालीने. रानाच्या पलीकडच्या बांधापाशी पोहोचल्यावर त्या वळतील असं मला वाटलं होतं. मेंढ्या बांध ओलांडून पुढे गेल्या, आणि त्याही गेल्या. मी पिशवी मांडीवर घेऊन घोंगड्यावर बसून राहिले. मला घाई नव्हती.